बेचाळीस मिनिटांचं गाऱ्हाणं

मुलुंड (पूर्व),
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप गुणाजीकाकांच्या पायांशी,

राजेशचा साष्टांग नमस्कार. आम्ही इथे धडधाकट आहोत, निदान वरून तरी तसं दिसतं. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? बुधवारी माझ्यापायी तुम्ही बेचाळीस मिनिटं कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर उभे होतात (रेंज तेवढ्या एकाच जागी येते, ठाऊक आहे मला), त्यामुळे तो सुजला असणार आणि काकूंनी निर्गुडीचा पाला बांधून वर तुम्हाला चार शब्दही सुनावले असणार. काकूंची साखर किती? म्हैस गाभण राहिली का? सगळं सविस्तर कळवा.

पत्र बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. फोनवर तुम्हाला माझं फक्त 'हॅलो' ऐकू येतं आणि पुढचं दोघांचंही बोलणं तुम्हीच करता, म्हणून लिहायला बसलो. बुधवारी देवाला फोनवरून घातलेलं गाऱ्हाणं संपवून तुम्ही फोन ठेवलात आणि संध्याकाळी देवळासमोर बसून 'राजेशचा मीटर मी हयसून चालू करून दिलंय' असं चारचौघांत सांगितलंत, हे मला तुमच्या सौरभकडून कळलं. काका, तुम्ही वडीलधारे, तुमच्यापुढे तोंड वर करून बोलायची आमच्यात पद्धत नाही. पण मीटर चालू झालेलं नाही. तुमच्या बाजूने काय झालं ते अख्ख्या वाडीला माहीत आहे. माझ्या बाजूने काय झालं ते आता ऐका.

अंधेरीच्या आमच्या कारखान्यात मी नऊ वर्षं कंत्राटावर आहे. दर अकरा महिन्यांनी मला काढतात आणि आठ दिवसांनी पुन्हा घेतात. त्या आठ दिवसांत मी घरी पंखे पुसतो आणि तुमची सून मालन माझ्याकडे बघत नाही (बघितलं की रडू येतं म्हणते). या वेळी शेठनी शब्द दिला की नवं मीटर तपासणीत पास झालं की दुसऱ्या दिवसापासून राजेश कायम. पत्र टाइप झालंय, सही झालीय, शेठच्या टेबलाच्या खणात आहे. मी ते डोळ्यांनी बघितलंय. फक्त तारखेची जागा कोरी आहे. त्या कोऱ्या जागेसाठी मी महिनाभर धड झोपलेलो नाही.

आता हे मीटर म्हणजे काय ते सांगतो, कारण गाऱ्हाण्यात तुम्ही त्याचा उल्लेख एकदा 'इंजिन' आणि दोनदा 'बोअरिंग' असा केलात. आम्ही पातळ ग्लुकोज करतो. पातळ हे नुसतं म्हणायला, प्रत्यक्षात ते काकवीहून घट्ट. गोळ्या-चॉकलेटवाल्यांना आम्ही ते टँकरने देतो. आजवर किती माल गेला हे टँकरमध्ये दांडी बुडवून ठरायचं, आणि दांडीला ग्लुकोज असं चिकटायचं की ती नक्की कुठवर बुडाली यावर रोज भांडण. म्हणून हे मीटर आणलं. त्याच्या पोटात दोन लंबगोल दातेरी चाकं एकमेकांना घासून फिरतात, प्रत्येक फेरीला ठरावीक माल पुढे ढकलतात आणि फेऱ्या मोजल्या की माल मोजला जातो. चाकं आणि भिंत यांच्यात केसही जाणार नाही एवढी फट. म्हणून त्याचे सोहळे फार. आधी गाळणी हवी, अंगावरचा बाण मालाच्या दिशेने हवा, चाकांचे दांडे आडवेच हवेत, आणि मुख्य म्हणजे माल साठ अंशांवर गरम हवा. त्यासाठी पाइपाभोवती दुसरा पाइप असतो आणि त्यातून गरम पाणी फिरवत ठेवायचं. पाणी थांबलं की ग्लुकोज गार, ग्लुकोज गार झालं की ते जागचं हलत नाही, मग तुम्ही त्याची कितीही समजूत काढा. माहुलला तेलाच्या लाइनवर चार वर्षं काढून मी हे शिकलोय. मीटर मी माझ्या हाताने बसवलं, एकेक बोल्ट दोनदा आवळला.

आमचे फोरमन जयवंत परब तुम्हाला माहीत आहेत, आपल्या शेजारच्या गावचे. गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्याकडे काही सुरू होत नाही. बॉयलर आला तेव्हा घातलं, नवी लिफ्ट आली तेव्हा घातलं, पाण्याचा कूलर आला तेव्हासुद्धा घातलं (तो आठ दिवसांत बंद पडला, पण ते जाऊ दे). एरवी जयवंत स्वतःच दोन मिनिटांत उरकतात. या वेळी मात्र म्हणाले, हा मामला राजेशच्या पोटापाण्याचा, तेव्हा राजेशच्याच गावच्या देवाला सांगायला हवं, आणि त्या देवाला हाक मारायला माणूसही त्याच गावचा हवा. मला ते पटलं. फोन मीच लावला. ही चूक माझी, ती मी नाकारत नाही.

सकाळी साडेदहाला माल घेणाऱ्या कंपनीच्या तपासनीस शर्मिष्ठा मॅडम पवईहून आल्या. हातात स्टॉपवॉच, बरोबर स्वतःचा वजनकाटा. मीटरचा आकडा आणि काट्याचा आकडा यांत शंभर किलोमागे अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक पडला की नापास. साडेअकराला त्यांना वसईला निघायचं होतं, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं आणि पाणीसुद्धा घेतलं नाही. ग्लुकोज मीटरच्या अलीकडच्या व्हॉल्व्हपर्यंत आणून ठेवलं होतं, साठ अंशांवर. व्हॉल्व्ह उघडायचा, पंप चालू करायचा, एवढंच काम. दहा चाळीसला तुम्ही फोन उचललात.

पहिलं वाक्य तुम्ही म्हणालात, आम्ही चौदा जण हात जोडून 'होय म्हाराजा' म्हणालो, आणि पलीकडून तुमचा आवाज आला, 'आवाज येणा नाय! परत घेतंय!' पुन्हा वाक्य, पुन्हा आम्ही, पुन्हा 'परत घेतंय.' गरम पाण्याचा पंप नेमका मीटरच्या शेजारी, आणि तो धडधडतो. मी काही बोलायच्या आत जयवंतनी त्याचं बटण बंद केलं. मग तुम्हाला आमचं 'होय म्हाराजा' ऐकू गेलं आणि तुम्ही खूश होऊन सुरुवात केलीत, ती पार गावाच्या वेशीवरच्या देवापासून.

काका, तुमचं गाऱ्हाणं चांगलं असतं, त्याबद्दल वाद नाही. 'बा देवा म्हाराजा, मुंबैच्या पोटात ह्या लेकरान जा काय बसयल्यान हा, तेका येस दी रे म्हाराजा' म्हणालात तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शर्मिष्ठा मॅडमनी तर बूट काढून ठेवले. पण मीटरच्या आजूबाजूचा दोन हात पाइप उघडा होता, त्याला गुंडाळायचं आवरण तपासणीनंतर चढवायचं होतं. माझ्याबरोबर काम करणारी संघमित्रा (घाटकोपरची, गाऱ्हाण्या-नवसाच्या भानगडीत नसते, पण कामाला एकदम चोख) त्या पाइपावर तापमान बघायचं यंत्र रोखून उभी होती आणि मला बोटांनी आकडे दाखवत होती. तुम्ही रवळनाथापाशी होतात तेव्हा छप्पन्न. माउलीला हाक मारलीत तेव्हा त्रेपन्न. मग तुम्ही वाडीतल्या प्रत्येक घराचा उल्लेख सुरू केलात, कोणाचा राग राहायला नको म्हणून. मी खुणेने जयवंतना सांगितलं, फोन ठेवा. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, 'गाऱ्हाण्यात फोन ठेवूचो नाय रे. देवाक अर्ध्या वाटेर सोडशीत?'

मी हळूच जाऊन पाण्याचा पंप चालू केला. तुम्हाला आमचा होकार ऐकू येईना, तुम्ही 'परत घेतंय' म्हणालात आणि पुन्हा वेशीवर गेलात. मी पंप बंद केला. दहा मिनिटांनी पुन्हा धीर करून चालू केला, तुम्ही पुन्हा वेशीवर. मग मी बटणाचा नाद सोडला आणि फोनकडे तोंड करून ओरडलो, 'काका, आटपा!' आणि तेरा जणांनी सवयीने त्यावरही 'होय म्हाराजा' म्हटलं. संघमित्रा माझ्याजवळ आली. 'राजेश, बस कर ना यार आता. पन्नासच्या खाली गेलं.' हसू नका काका. माझी बायको घरी देवापुढे दिवा लावून बसली होती आणि मी हात जोडून उभ्या-उभ्या माझी नोकरी गोठताना बघत होतो.

अकरा बावीसला तुम्ही 'झाला काम!' म्हणून फोन ठेवलात. त्रेचाळीस अंश. मॅडमच्या हातात आठ मिनिटं. पाणी गरम करत बसायला वेळ नव्हता. जयवंतनी नारळ फोडला, मी व्हॉल्व्ह उघडला आणि मालाचा पंप चालू केला. दाबाचा काटा चढू लागला. चार, पाच, सहा. मीटरचा आकडा शून्य. सात. पाइप हलल्यासारखा वाटला. आठला जयवंत मागे सरकले, चौदापैकी नऊ जण दाराबाहेर गेले आणि मी मात्र मीटरच्या आकड्याकडे बघत राहिलो, एकदा तरी शून्याचा एक होईल म्हणून. एकही झाला नाही. मग सुरक्षेचा व्हॉल्व्ह फाटकन उघडला, माल उलटा टाकीत वळला आणि संघमित्राने मला हाताने बाजूला ढकलून पंप बंद केला. शर्मिष्ठा मॅडमनी बूट घातले, कागदावर 'तयारी नाही' असं लिहिलं आणि येत्या शुक्रवारी अकराची वेळ दिली. ती शेवटची, असं तोंडी सांगून गेल्या.

शेठनी रिपोर्ट मागवला. त्यात कारण लिहिलंय, 'दूरध्वनीवरील धार्मिक विधीमुळे विलंब.' जयवंतना लेखी खुलासा द्यायला सांगितलाय. तेव्हापासून ते डबा एकटेच खातात. आपल्यामुळे पोराचं कायमचं काम गेलं, असं त्यांनी मनाला लावून घेतलंय. मालन विचारत नाही, पण रात्री माझ्या शर्टाचे खिसे तपासते, पत्र मिळूनही मी सांगायला विसरलो असेन अशी तिला आशा. काका, मला भीती वाटते. बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा आठ दिवस पंखे पुसायचे माझ्यात बळ नाही.

दोष मी कोणाला देत नाही. तुम्ही मोठ्या मनाने केलंत आणि झालं ते झालं. काकूंना नमस्कार, सौरभला अभ्यास कर म्हणावं आणि गुडघ्यावर गडग्याचा भार घालू नका.

तुमचा पुतण्या,
राजेश

ता. क. : लिहायचं होतं ते एवढंच की शुक्रवारी फोन करू नका. करायचंच असेल तर घरच्या देवापुढे मनातल्या मनात करा, आणि आटोपतं करा. देव आपलाच आहे, त्याला वाडीतली सगळी घरं माहीत आहेत.

ता. क. दुसरा : वरचं पत्र पाकिटात घालून डिंक लावला होता. पुन्हा उघडलं. गोठलेला माल काढायला आम्ही त्याच दिवशी मीटरच्या तोंडाकडचा जोड उघडला. पाइप जोडताना धूळ जाऊ नये म्हणून मी त्यात फडकं कोंबलं होतं, काकूंच्या जुन्या लुगड्याचं, गणपतीहून येताना पुसायला म्हणून आणलेलं. ते तिथेच होतं. मी काढायला विसरलो होतो. गाळणीच्या पुढे, चाकांच्या अगदी तोंडाशी. माल गरम असता आणि व्हॉल्व्ह वेळेवर उघडला असता तर ते सरळ चाकांत गेलं असतं, मीटर जागच्या जागी मेलं असतं आणि हा शुक्रवार वगैरे काही मिळालाच नसता. हे फक्त संघमित्राने बघितलं. तिने ते मुकाट्याने खिशात घातलं आणि दुसऱ्या दिवशी धुऊन, इस्त्री करून परत दिलं. म्हणाली, 'मोजून आत घालायचं, मोजून बाहेर काढायचं. आणि परबांना तू सांगणार आहेस, मी नाही.' सांगणार आहे. शुक्रवारनंतर (बहुतेक). तुम्हाला आधी सांगतोय, कारण तुम्हाला सांगायला मला कमी लाज वाटते.

ता. क. तिसरा : पहिला ता. क. खोडला असं समजा. शुक्रवारी दहा वाजता मीच फोन लावतो. गरम पाण्याचा पंप या वेळी बंद होणार नाही, तेव्हा आमचा आवाज तुम्हाला येणार नाही. काकूंना शेजारी उभं करा आणि 'होय म्हाराजा' त्यांना म्हणू द्या. आटोपतं घेऊ नका. वेशीपासून सुरू करा, एकही घर सोडू नका. सगळे डोळे मिटून उभे असतील तेवढ्या वेळात मी पाइपाचं तोंड पुन्हा एकदा उघडून आत बघून घेतो.