तयारीनिशी यावे

३ जानेवारी
आई बाथरूममध्ये घसरली. हाड शाबूत आहे, पण आता तिने एकटीने राहायचं नाही. मग कुठे राहायचं? असले प्रश्न रडारड करून सुटत नाहीत, मीटिंग घेऊन सुटतात. ऑफिसात माझ्या मीटिंगला कोऱ्या डोक्याने यायची कुणाची छाती नाही. भावंडांनाही तेच वळण लावतो. संकल्प: सहा पानी टिपण, चार दिवस आधी सगळ्यांच्या हातात. वर ठळक अक्षरात: तयारीनिशी यावे.

११ जानेवारी
मीटिंग आईच्याच घरी. आईला आत पडून राहायला सांगितलं. तिच्या डोक्याला उगाच ताप नको.
मधल्या भावाने टिपण उघडलंच नव्हतं. म्हणे, फोनवर अक्षर बारीक दिसतं. क्रिकेटचा स्कोअर बरा दिसतो! धाकटी बहीण नर्स, रात्रपाळी संपवून थेट आलेली. म्हणाली, दादा, तूच सांग ना थोडक्यात. थोडक्यात! मग मी सहा पानं काय हौस म्हणून लिहिली?
नियम म्हणजे नियम. मीटिंग तहकूब. धाकटी माझ्याकडे बघतच राहिली. बहुतेक मुद्दा पटला असावा.

१२ जानेवारी
बायको म्हणाली, अहो, तुम्ही तहकूब केलीत, पण सासूबाई आज एकट्याच ना? हिला प्रोसेस कळत नाही.
झोप लागली नाही. उशी बदलायला हवी.

१८ जानेवारी
नवी युक्ती. फोन करून विचारायचं, पान दोनवर काय आहे? मधला म्हणाला, आईच असणार, दुसरं काय? शून्य मार्क. धाकटीने उचललाच नाही. अभ्यास करत असेल.

२५ जानेवारी
दुसरी मीटिंग. पहिली पंधरा मिनिटं मूक वाचन. मधला तिसऱ्या पानावर घोरायला लागला. धाकटी पानं खाली ठेवून आत गेली आणि आईचा पाय शेकत बसली. शिस्त नावाची चीजच नाही या घरात. तहकूब.
निघताना आईने विचारलं, काय ठरलं रे? म्हटलं, लोक वाचूनच येत नाहीत, मी एकटा काय काय करू? तिने एक प्रत मागितली. दिली. तेवढाच विरंगुळा.

२९ जानेवारी
आई पुन्हा पडली. कपाळाला टाके. धाकटी तिला आपल्या घरी घेऊन गेली. मी फोनवर विचारलं, निर्णय झालेला नसताना असं कसं नेलंस? तिने फोन ठेवला. नेटवर्क फार वाईट आहे तिच्याकडे.
ऑफिसात दोनदा चुकीच्या कागदावर सही केली. कॉफी कमी करायची.

८ फेब्रुवारी
तिसरी मीटिंग, धाकटीकडे. आज एकालाही सोडायचं नाही, असं ठरवून गेलो होतो. प्रश्नसुद्धा काढून नेले होते.
सुरुवात करणार तोच आई बाहेर येऊन बसली. कपाळावर पट्टी, हातात टिपण. तिला बोलावलं नव्हतं. म्हणाली, मी सगळं वाचलं, दोनदा. पर्याय एक, मधल्याचं घर. दोन, धाकटीचं. तीन, वृद्धाश्रम, फोटोंसकट. छान लिहिलंयस. फक्त तुझं घर कुठल्या पानावर आहे, ते सापडलं नाही रे.
मधला पानं उलटायला लागला. आजवर पहिल्यांदाच.
आमच्याकडे जिना आहे, बायकोची कंबर दुखते, मागच्या खोलीत माझं काम चालतं, कारणं शंभर होती. वेळेवर एक आठवेल तर शपथ. शेवटी म्हणालो, याच्या तयारीला मला थोडा वेळ हवा.
आई म्हणाली, घे की बाळा, हवा तेवढा घे. मी आता इथेच राहणार आहे.
घरी येऊन मीटिंगचा वृत्तांत लिहिला: सर्व सभासद हजर. निर्णय एकमताने. बायको म्हणाली, वाचून दाखवा ना, काय झालं ते. चष्मा लावला, कागद धरला. वाचवेना.