ऑर्लाच्या विहिरीचं पाणी

प्रिय फिन्टन,

बॉस्टनमधल्या तुम्हा आयरिश मायोकरांच्या मंडळाने आमच्या शाळेला पाठवलेल्या विज्ञानपेट्या पोचल्या. मुलांनी घरोघरच्या विहिरींचं पाणी आणून तपासलं. माझ्या वर्गातल्या ऑर्लाच्या घरचं पाणी दूषित निघालं.

"बाई, वरच्या गोठ्यातलं शेण मुरतंय आमच्या विहिरीत," ती म्हणाली.

वरचा गोठा आपल्या मार्टिनदादाचा. मी वर्गासमोर म्हटलं, "पेटीतच काहीतरी बिघाड आहे गं."

तिने विश्वास ठेवला. घरी सगळे तेच पाणी पीत राहिले. पंधरा दिवसांत तिचा तीन वर्षांचा भाऊ त्या पाण्याने गेला.

दफनाच्या दिवशी शवपेटीला खांदा द्यायला दादाच पुढे झाला. ऑर्लाच्या आईने त्याचे दोन्ही हात धरले. "शेजारी असावा तर असा," ती म्हणाली. मी शेजारीच उभी होते, फिन्टन.

तुझी ताई,
अट्रॅक्टा