भाग दोनमधली औषधाची पेटी

रवि. २ फेब्रु.
आमच्या बंदुकीच्या गेमचा भाग आठ आला. सकाळी इम्तियाजच्या दुकानात. पुढं मोबाइल दुरुस्ती, मागच्या खोलीत त्याच्या बंद पडलेल्या गेमिंग कॅफेतली शेवटची दोन मशिनं. कॉलेजपासून दर रविवारी आम्ही दोघं त्यांवर भाग दोन खेळतो. इ.ला आता तिथं काउंटर टाकायचाय. म्हणाला, "भाग आठ घरून खेळता येतंय की. तू तुझ्या घरी, मी कुंभारीला. ही दोन ठेवू का काढू, तूच सांग."
सांगतो म्हटलं.

मंगळ. ४
वाद जुनाच, यंदा फोनवर. भाग दोनमध्ये गोळी लागली की औषधाची पेटी शोधा. भाग चारपासून भिंतीआड पाच सेकंद बसलं की रक्त आपोआप भरतं. भाग सहात घसरत पळणं आलं, आठात भिंतीवरून धावणं. माझं म्हणणं: पेटी शोधत फिरणं म्हणजे रेशनची रांग. इ. म्हणतो, आपोआप भरतंय तर मरायची भीती कुठं राहिली? तरी नव्या भागांतली, एका वेळी दोनच बंदुका बाळगायची मर्यादा त्याला मान्य. म्हणजे पूर्ण जुनाट नाही.
पालथ्या घड्यावर पाणी. दोन्हीकडून.

गुरु. ६
कारखान्यात टॉवेलचं डिझाइन. मालकांना मोर हवा, जुनाच, पण नवीन दिसणारा. तीन वेळा बदलला. इ.ला फोटो पाठवला. उत्तर: पहिला बरा होता. याला सगळंच पहिलं बरं.

रवि. ९
भाग आठ, घरून. दोघांच्या कानाला हेडफोन. मस्त गेम आहे, खोटं कशाला बोलू. मी भिंतीवरून धावतोय, वाटेत दिसेल ते उचलतोय, थांबायचं कामच नाही. इ. घसरायला जातो नि खड्ड्यात पडतो. अकरा वेळा. मी हसलो, तोही हसला. नंतर लक्षात आलं, दोन तासांत आम्ही नकाशावर एकदाच भेटलो. एकमेकांची गरजच पडली नाही.
ही डिझाइनची चूक की सोय? ठरवता येईना.

बुध. १२
इ.नं पुन्हा विचारलं. मंद्रूपचा टायपिंग क्लासवाला मशिनं न्यायला तयार आहे, मंगळवारी अकराला येतो म्हणतोय. मी लिहिलं: काढ. लगेच अंगठा आला. जिंकलो म्हणायचं.

रवि. १६
शेवटचं म्हणून भाग दोन. त्याच खुर्च्या. माझ्या खुर्चीचा हात अजून सुटलेलाच.
आमचा एक नियम आहे, कॉलेजपासूनचा: ज्याचं रक्त कमी, त्याची पेटी. कधी बोलावं लागलं नाही. बाजूच्या स्क्रीनवर नजर टाकायची नि सोडून द्यायचं.
गोदामाचा जिना. माझं रक्त ऐंशी, इ.चं नऊ. पेटी मधल्या पायरीवर. मी पळतच होतो. उचलली गेली. आठची सवय, वाटेत दिसेल ते घ्यायचं. स्क्रीनवर माझं शंभर झालं तेव्हा कळलं.
इ. जिन्याखाली तसाच उभा. पुढची गोळी त्यालाच. त्यानं कीबोर्डवरून हात काढले.
"मी थांबलो होतो रे. तू सोडशील म्हणून."
चिडून म्हणाला नाही. चहा मागवला. मग मोबाइलचा डिस्प्ले बदलायला आलेल्या एका बाईंशी बोलत बसला. मला लाज वाटली, मशिन बंद करेपर्यंत आणि नंतरही.

सोम. १७
मोर चौथ्यांदा परत. दुपारी इ.च्या दुकानावरून गेलो, थांबलो नाही. काय बोलणार? गेममधल्या पेटीबद्दल माफी मागायची? चाळिशीच्या दोन माणसांनी?
पण त्यानं किती वेळा सोडली असेल माझ्यासाठी. मोजली नाही कधी.

मंगळ. १८
क्लासवाला अकराला येणार. दहाला इ.ला मेसेज पाठवला: मशिनं देऊ नको. काउंटर पुढच्या भिंतीला बसेल, मी मापं घेतो.
दहा चाळीसला दोन निळ्या टिका. उत्तर नाही. फोन केला, उचलला नाही. गिऱ्हाईक असेल.
मालकांनी पहिलाच मोर पास केला. चोच जरा वाकडी आहे, ती सरळ करतोय.
अकरा वाजून पाच.