समोरच्या बटणाच्या वायरी

५ ऑगस्ट, सोमवार
आजपासून लेकीच्या, यी-आनच्या कॉम्प्युटरचं काम हातात घेतलं. बाहेरच्या कुणाचाही हात लागणार नाही, असं घरात जाहीर केलं. घरात म्हणजे बायकोला. मुलगी झोपली होती. सू-च्यु म्हणाली, अहो, कालच भुतांचा महिना लागलाय, या दिवसांत नवीन काही काढू नका. मी आधुनिक माणूस आहे, असं तिला सांगितलं. तोवर ती नाश्त्याच्या गाडीवर कामाला निघाली होती.

परिस्थिती अशी. ताय्चुंग शहरातल्या एका ॲनिमेशन कंपनीने यी-आनला एक मिनिटाची फिल्म करायला सांगितलीय. सोळा तारखेपर्यंत पाठवायची. आवडली तर नोकरी. आणि नेमकं तिचं जुनं मशीन बंद पडलं. नव्याचे सुटे भाग तिने शिकवण्या घेऊन जमवलेत. केस, म्हणजे बाहेरचा पत्र्याचा डबा, मात्र माझी. मार्चमध्ये आमचा कारखाना बंद झाला, तेव्हा साहेबांनी प्रत्येकाला एकेक रिकामी केस दिली आणि वाकून नमस्कार केला.

केसच्या समोरचं पॉवरचं बटण तपासणं, हे माझं वीस वर्षांचं काम. शाळा नववीपर्यंत. बाकी सगळं स्वतः शिकलो.

बाकीचे भाग यी-आनने बसवले, देखरेख माझी. आता फक्त समोरच्या बटणाच्या आणि दिव्यांच्या बारीक वायरी मदरबोर्डवर खोचायच्या. दहा मिनिटांचं काम. उद्या.

६ ऑगस्ट, मंगळवार
रोजच्यासारखा सकाळी कारखान्याच्या वेळेला बाहेर पडलो. नदीच्या कट्ट्यावर बसलो. सू-च्यु डबा देते. कुठे जाता, विचारत नाही. जेवणाच्या वेळेनंतर परत.

बोर्ड तपासला. वायरी खोचायच्या पिनांच्या दोन ओळी आहेत. एका ओळीत पाच पिना, दुसरीत चार. एक गायब. सदोष माल. तपासनिसाच्या नजरेतून असं काही सुटत नाही.

मेहुणा आ-होंग याचं कॉम्प्युटर बाजारात दुकान आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, दाजी, ती जागा मुद्दाम रिकामी ठेवतात, वायरी कुठल्या बाजूने लावायच्या ते कळावं म्हणून. सगळ्या बोर्डांवर तशीच असते. म्हणजे अख्खा बाजार सदोष माल विकतोय.

तो येऊन लावून देतो म्हणाला. नको म्हटलं.

८ ऑगस्ट, गुरुवार
आठव्या महिन्याची आठ, म्हणजे आमच्याकडचा फादर्स डे. यी-आनने लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर दिला. टोकाला चुंबक आहे. वस्तू बरी आहे. मुठीचा जोड किंचित वर आलाय, कारखान्यात पास केला नसता. तिला तसं सांगितलं. ती हसली.

वायरी लावल्या. बटण दाबलं. काही नाही. उलटसुलट करून पाहिलं. काही नाही. बोर्डावरची अक्षरं मुंगीएवढी आहेत. सोबतच्या पुस्तकातलीही. चष्म्याचा प्रश्न नाही, छपाई वाईट.

रात्री नूडल्स खाल्ल्या. शेवया तोडायच्या नाहीत, आयुष्य लांबतं, असं सू-च्यु म्हणते. लांबवून करायचं काय, हे विचारलं नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार
कारण सापडलं. मशीनवर हिरवं पाकीट नव्हतं. आमच्या कारखान्यात प्रत्येक यंत्रावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट असे. ते ठेवलं की यंत्र गुणी पोरासारखं वागतं. सू-च्युला आणायला सांगितलं. तिने पिवळं आणलं. पिवळ्याने यंत्र रुसतं, हे शेंबड्या पोराला कळतं. तिचं म्हणणं, दोन्हींत कुरकुरेच असतात.

११ ऑगस्ट, रविवार
हिरवं आणलं, तारीख बघून. ठेवलं. वायरी लावल्या. बटण दाबलं. काही नाही.

आ-होंगचा फोन आला. म्हणाला, बटण राहू द्या, पॉवरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवा, मशीन सुरू होतं. आम्ही दुकानात असंच करतो, बटण कोण शोधत बसतो. मी विचारलं, मग बटण असतं कशाला? तो म्हणाला, दिसायला बरं दिसतं, दाजी.

फोन ठेवला. हे तंत्र मी वापरणार नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार
कट्ट्यावरून आलो. केसला हात लावला तर कोमट. ऑगस्ट आहे.

स्क्रूड्रायव्हर मी बोर्डाच्या डावीकडे ठेवून गेलो होतो, तो उजवीकडे सापडला. सू-च्यु वस्तू जागेवर ठेवत नाही. तिला विचारलं. तिने यी-आनकडे पाहिलं आणि म्हणाली, हो, मीच.

संकल्प: पंधरा तारखेच्या आत, काहीही झालं तरी.

१५ ऑगस्ट, गुरुवार
झालं नाही. भुतांच्या महिन्यात नवीन काम काढू नये, हे सू-च्युने मला वेळेवर आणि ठामपणे सांगायला हवं होतं.

१६ ऑगस्ट, शुक्रवार
यी-आनने फिल्म पाठवली. कुठे बसून केलीस, विचारलं. झाली कशीतरी, म्हणाली. मैत्रिणीकडे केली असणार. दुसऱ्याच्या मशीनवर.

संध्याकाळी तिघं जेवलो. भात, तळलेला मासा, पालेभाजी. मासा चांगला होता, असं दोघी म्हणाल्या.

१८ ऑगस्ट, रविवार
खाली सोसायटीने भुतांसाठी टेबलं मांडली. उदबत्त्या, फळं, बिस्किटं. सू-च्युने पिवळं पाकीट तिथे ठेवलं. भुतांना चालतं म्हणे.

वायरींना हात लावला नाही. कंटाळा नव्हे, विश्रांती.

२२ ऑगस्ट, गुरुवार
यी-आनची निवड झाली. रविवारी ताय्चुंग. मशीन घेऊन जाणार. सू-च्यु रडली, मग या महिन्यात घर बदलू नये म्हणून भांडली, मग पेट्या काढायला गेली.

म्हणजे शनिवारपर्यंत मशीन चालू झालं पाहिजे. मुलगी बापाच्या हातचं बंद मशीन घेऊन परगावी जाणार नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार
यश.

दुपारी वायरी नव्याने लावल्या, पहिल्या दिवशीच्याच क्रमाने. तोच बरोबर होता. दोघींना बोलावलं. सू-च्यु माझ्याशेजारी उभी. यी-आन केसच्या उघड्या बाजूला वाकून बघत होती. तिला कुतूहल आहे. मी तीन म्हटलं आणि बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा उजळला. सू-च्युने टाळ्या वाजवल्या, पंखे फिरायच्या जरा आधीच.

समोरचा दिवा तेवढा लागला नाही. किरकोळ.

यी-आन सरळ झाली आणि म्हणाली, "बाबा, जमलं तुम्हाला."

मी म्हटलं, हो.

बाजूचं झाकण स्वतः बसवलं. चारही स्क्रू घट्ट. आता कुणाला उघडायची गरज नाही. आ-होंगला फोन करून कळवलं. त्याने विचारलं, बटणाने? मग म्हणाला, अभिनंदन, दाजी.

२५ ऑगस्ट, रविवार
बसपर्यंत सोडायला गेलो. मशीन तिने मांडीवर घेतलं. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. बस वेळेच्या आधी सुटली.

लाल स्क्रूड्रायव्हर सापडत नाही. सू-च्युला विचारलं. माहीत नाही म्हणते.

२७ ऑगस्ट, मंगळवार
कट्ट्यावर गेलो नाही. पाऊस नव्हता, काही नव्हतं. गेलो नाही.

दुपारी यी-आनचा फोटो आला. नवी खोली, टेबल, मशीन. वर हिरवं पाकीट. खाली लिहिलंय: "मस्त चालतंय, बाबा. तुम्ही लावलेल्या वायरींना हात लावलेला नाही."

फोटो मोठा करून पाहिला. सवय आहे. बाजूचं झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवलंय. उघड्या केसच्या तोंडाशी लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर.

चष्मा शोधला. लावला. पुन्हा पाहिलं. मुठीचा जोड किंचित वर आलेला. तोच.

कोमट केस. डावीकडचा उजवीकडे. टाळ्या जरा आधी.

सू-च्यु कामावरून आली. तिला फोटो दाखवला. तिने एकदा फोटोकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. चहा टाकू का, विचारलं. टाक म्हटलं.

मग यी-आनला लिहिलं: बटण अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसत जा. नाहीतर घट्ट होतं.

लगेच उत्तर आलं: "हो बाबा. रोज पुसते."