अठरा हजार चारशे फेरे

२९ सप्टेंबर १९४१, सोमवार

नडगीचे हाड मोडले आहे! मी पडलो नाही, मला काही लागले नाही, तरी मोडले. अकोल्याच्या डॉक्टरांनी क्ष-किरणांची काच उजेडासमोर धरून केसाएवढी रेघ दाखवली. म्हणाले, "पलटणीतल्या शिपायांना होतं हे, सारखं चालून. तुम्ही कोणत्या पलटणीत?" वय चौपन्न, बी. कॉम., जिनिंग फॅक्टरीचा मॅनेजर — आणि तुळशीला प्रदक्षिणा घालतो, हे सांगण्याचे धैर्य झाले नाही.

गुडघ्यापर्यंत प्लास्टर. सहा आठवडे घरी.

३० सप्टेंबर

आकडे एकदा नीट मांडून ठेवतो. गोजराने आषाढी एकादशीस लक्ष प्रदक्षिणांचा नवस केला. ऑगस्टात तिच्या छातीत कळ आली आणि फेरे बंद करावे लागले. तोवर ३८,४०० झाले होते. पत्नीचा नवस अपुरा राहू नये म्हणून पुढचे मी घेतले — रोज पहाटे, अनवाणी, अंगणातल्या फरशीवरून नऊशे. असे अठ्ठेचाळीस दिवस. उरले १८,४००. मुदत कार्तिकी एकादशीची, तिला महिना आहे. वळताना उजवा पाय नेहमी आतल्या बाजूस, तोच गेला.

नवस कशासाठी, हे ती सांगत नाही. "फळाच्या आंधी सांगतलं त फळत नाही." पण मी जाणतो. स्वतःच्या जिवासाठीच असणार. तो अपुरा राहिला तर —

वाक्य पुरे करीत नाही.

४ ऑक्टोबर

पलंग ओसरीवर आणला. तीस वर्षे दिवस उजाडता कापसाच्या जिनात आणि दिवेलागणीनंतर घरी. हे घर मी दुपारचे पाहिलेलेच नाही! ऊन अकराला उंबऱ्याशी येते. मग इतक्या सावकाश आत शिरते की सरकताना दिसत नाही, आलेले तेवढे दिसते. गोजरा अंबाडीची पाने खुडत शेजारी बसते. डोळा लागला की प्लास्टरमधला पाय आपला चालूच — तुळस स्थिर, मी स्थिर, आणि घर मात्र आमच्याभोवती हळूहळू फिरते आहे.

९ ऑक्टोबर

शेजारच्या कस्तुराबाई डोकावल्या. "काहून जी मॅनेजरसायेब, घाण्याचा बैल बसला वाटते!" गोजरा पदर तोंडाला लावून हसली. तिचे हसणे दोन टप्प्यांत असते, मध्ये एक श्वास. हे मला ठाऊक नव्हते.

जाताना बाई म्हणाल्या, "उरलेले फेरे माह्यावर सोडा." मी तत्काळ होकार दिला. गोजराने मोडता घातला — "कोणीच घालाचे नाहीत." कारण सांगितले नाही.

१५ ऑक्टोबर

लिहिण्याजोगे काही घडले नाही. गोजरा दिवसभर बोलत होती.

२४ ऑक्टोबर

ती पाण्याला गेलेली पाहून काठी घेतली आणि अंगणात उतरलो. तीन फेरे झाले. चौथ्यात घामाने डोळे भरले. ती दारात उभी! "हाड पुन्हा मोडाचं हाये का तुमाले?" मग खाली बसली, छातीवर हात दाबून. तिच्या ओठांवर रंग नव्हता.

त्या तीन फेऱ्यांची नोंद करू नये, असे ठरवले.

३१ ऑक्टोबर

कार्तिकी एकादशी. मुदत संपली! गोजराने तुळशीला दिवा लावला, रताळी उकडली, निवांत बसली. मी मात्र दिवसभर तिच्या बांगड्यांचा आवाज ऐकत पडलो आहे. तो थांबला की हाक मारतो. "काय जी?" — काही नाही.

७ नोव्हेंबर

जिनातले मुकादम उकंडराव आले. "सायेब, कापूस येऊन राह्यला, गाड्यायची रांग पार सडकेवर गेली. कवा येता?" मंगळवारी, मी म्हणालो. गोजरा पाने तशीच टाकून आत गेली.

१० नोव्हेंबर

प्लास्टर निघाले, हाड पूर्ण सांधले. डॉक्टरांच्या मते उद्यापासून कामावर जाण्यास हरकत नाही.

घरी येताच तुळशीकडे निघालो — मुदत टळली तर टळली! गोजराने हात धरून बसवले. "राहू द्या. फळला तो कवाचाच." काय मागितले होतेस? "तुमी येक महिना दिवसाउजेडी घरी बसावं, माह्याजवळ. दुसरं काय मांगू?"

फॅक्टरीस पत्र लिहिले: पाय अद्याप बरा नाही, आणखी सहा आठवडे लागतील.