मुकादमाचं रक्त

४ फेब्रुवारी

मांजराचं रक्त तपासतात म्हणे! जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई आज दुकानात आली. पोरसवदा, खांद्याला बर्फाची पेटी. म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडे बोका आहे ना?" मी तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून खुर्चीला कापड ठोकत होतो, नुसतं बोट दाखवलं. मुकादम अर्ध्या शिवलेल्या आरामखुर्चीत पसरला होता.

मांजरांमध्ये एक विषाणू फिरतो. हळूहळू अंगातली ताकदच पोखरतो. घरोघरच्या मांजरांत तो कितपत पसरलाय, हे अजून कुणी नीट पाहिलेलं नाही. तेच ती शोधतेय. माणसाला होत नाही. मांजराला मांजर चावलं की होतो. भटकणाऱ्या, मारामाऱ्या करणाऱ्या बोक्यांना जास्त.

मुकादमाचा डावा कान फाटलेला. नाकावर ओरखडे. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पेटी उघडली.

मानेजवळचे केस भादरून रक्त घेतलं. मला बोचकारलं, तिला नाही!

५ फेब्रुवारी

मुकादम हे नाव हिने ठेवलं. मी खुर्च्यांच्या गाद्या भरायला बसलो की तो समोर बसून बघायचा, जणू काम चुकलं तर मजुरी कापणार. ही म्हणायची, "चला, आले मुकादम. आता तरी हात चालवा."

हिला जाऊन दोन वर्षं झाली. काल रक्त काढताना वाटलं, ही असती तर त्याला नाही, मलाच धरून बसली असती.

९ फेब्रुवारी

सोफ्याचं काम. आतला काथ्या कुजलेला, सगळा उपसला. उपसताना एक केसांची पिन निघाली, कुणाची कोण जाणे. ही असती तर त्या पिनेवरून संध्याकाळपर्यंत गोष्ट रचली असती. मी चुका तोंडात धरल्या की हिला चेव यायचा. सगळी भांडणं तेव्हाच काढायची. मी 'हूं हूं' करायचो आणि ही म्हणायची, "बघा, कबूल केलंत!"

घरात किती आवाज होता त्या वेळी.

१२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई पुन्हा आली. दारातच हसू दाबत उभी.

"आजोबा, तुमचा मुकादम दुसरीकडेही नोकरीला आहे."

मला काही कळेना. मग सांगितलं. मागच्या गल्लीत, पाण्याच्या टाकीपलीकडे, एका बाईंनी दोन मांजरं आहेत म्हणून सांगितलं होतं. एक मांजरी आणि एक बोका. आज रक्त घ्यायला गेली, तर बोक्याचा डावा कान फाटलेला आणि मानेवरचे केस आधीच भादरलेले. स्वतःच्या हातचं काम तिने ओळखलं. त्या बाई म्हणाल्या, "भादरले असतील कुणी, मला काय ठाऊक!"

"टेलिफोनमध्ये होत्या म्हणे पूर्वी," डॉक्टरीणबाई म्हणाली.

आक्का! हिची थोरली बहीण.

दुपारी जेवण झालं की मुकादम निघून जातो, संध्याकाळी येतो. मला वाटायचं मारामाऱ्या करत हिंडतो. ही रोज दुपारी आक्काकडे जायची तेव्हा मागोमाग कोपऱ्यापर्यंत जायचा, तेवढं माहीत होतं. तो कोपऱ्याच्या पुढेही जात होता तर. आणि ही गेल्यावरही जातच राहिला.

मी मात्र थांबलो. आक्काचं आणि माझं भांडण नाही काही. पण आम्हा दोघांत बोलणारी हीच होती. ही गेल्यावर दोनदा गेलो. दोघं घड्याळाकडे बघत बसलो. मग तिसऱ्यांदा जाणं राहूनच गेलं.

१३ फेब्रुवारी

काम झालं नाही. चुका तोंडात, हातोडी हातात, तसाच बसून होतो.

१७ फेब्रुवारी

निकाल आला. मुकादमाला आहे.

डॉक्टरीणबाईने नीट समजावलं. "घाबरू नका. लगेच काही होत नाही. नीट सांभाळलं तर अशी मांजरं वर्षानुवर्षं जगतात. पण याला आता बाहेर सोडायचं नाही. हा दुसऱ्यांना चावेल, नाहीतर दुसऱ्याकडून नवं दुखणं आणेल."

मी विचारलं, किती मांजरांना निघालं? म्हणाली, या भागात दर बारा-तेरा मांजरांमागे एकाला असावं. बहुतेक सगळे हिंडफिरे बोके. घरात बसणाऱ्यांत जवळजवळ नाहीच. "आणि तुमचा दोन घरांतून मोजला जाणार होता. एक रोगी बसल्या जागी कमी झाला."

ती हसली. मीही हसलो. ती गेल्यावर दार लावून घेतलं.

१८ फेब्रुवारी

जेवण झाल्याबरोबर मुकादम दाराशी. आधी मऊ म्यांव, मग मोठ्याने, मग दारावर पंजे. मी मासळी पुढे केली, ढुंकूनही पाहिलं नाही. शेजारच्या काकू विचारून गेल्या, "कुणाला मारताय का?"

त्याला काय सांगू, बाबा रे, तुझ्या रक्तात काय आहे ते!

२० फेब्रुवारी

आज तीच गत. आणि आक्काचंही डोक्यात येत राहिलं. तीही वाट बघत असेल. तिला निकाल सांगितला असेल का कुणी?

२१ फेब्रुवारी

हिची भाजीची झाकणाची टोपली काढली. आत जुनी उशी घातली, मुकादमाला कोंबलं, वरून सुतळी. गेलो.

आक्काने दार उघडलं. आधी टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "जावई आले!"

मला वाटलं मला म्हणतेय. तर म्हणे बोक्याचं नाव! "येतो, खातो, लोळतो, निघून जातो. दुसरं काय नाव ठेवणार?"

मी म्हटलं, "माझाच आहे हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"पहिल्या दिवसापासून. पण सांगितलं असतं तर तुम्ही बांधून ठेवला असता." मग जरा थांबून म्हणाली, "आणि माझ्याकडे येणारं तेवढंच होतं हो तिचं."

निकाल तिला कळला होता. तिच्या मांजरीत, ठकीत, काही निघालं नाही, ती घराबाहेरच पडत नाही. ठकीला तिने स्वयंपाकघरात कोंडलं आणि मुकादमाला बाहेरच्या खोलीत मोकळं केलं. तो सरळ खिडकीखालच्या खुर्चीवर. ही तिथेच बसायची.

चहा झाला. घड्याळाकडे कुणी पाहिलं नाही.

२६ फेब्रुवारी

आता रोजचंच. दुपारी टोपली घेऊन निघालो की पोरं ओरडतात, "आजोबांची पालखी निघाली!"

आक्काच्या खुर्चीची बैठक पार बसलीय. उद्या स्प्रिंगा घेऊन जाईन.

४ मार्च

आक्का बोलायला लागली की थांबत नाही. नोकरीत जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आता स्वतःची काढतेय.

आज लहानपणची मांजरं निघाली. घरात सात-आठ असायची. ही त्यांना वडिलांच्या टोप्यांच्या खोक्यात निजवायची. वडील कामावर निघताना टोपी घालायचे आणि शिंकत सुटायचे. आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. मला हे माहीतच नव्हतं! इतकी वर्षं संसार केला, आणि टोप्यांचं खोकं माहीत नाही.

मग म्हणाली, एका वर्षी ती सगळी झिजत गेली. हिरड्या लाल, खाणं बंद. आई म्हणायची, थंडी बाधली. ही प्रत्येकाला बाहुलीच्या दुलईत गुंडाळून बसायची.

"तेच असेल का हो? हाच रोग?"

त्या मांजरांचं रक्त कुणी घेतलं नव्हतं.

९ मार्च

डॉक्टरीणबाईला विचारलं. म्हणाली, असूही शकेल, नसूही. तसं होणारी दुखणी बरीच आहेत. पण बाहुलीच्या दुलईचं ऐकून मुकादमाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मुकादमाचं वजन केलं. वाढलंय! दोन्हीकडचं खातो, दुसरं काय.

१५ मार्च

खुर्ची झाली. आक्का बसली, उसळली, पुन्हा बसली. "अगं बाई, ही तर मलाच उठवून बसवते!" कापड मी हिच्या आवडीचं घातलं, गडद हिरवं. आक्काने हात फिरवला.

मुकादमाला चढू देत नाही म्हणाली. मी निघेपर्यंत तो तिच्या मांडीवर होता.

२२ मार्च

मुकादम आज सुस्त. खाल्लं नाही. आक्काचा जीव खालीवर. "याला बघायला आपण दोघंच आहोत, लक्षात ठेवा," म्हणाली. डॉक्टरीणबाईने सुईतून औषध दिलं. संध्याकाळी दूध प्यायला. सुटलो!

२८ मार्च

मुकादम पूर्ववत. आक्काचा घसा बसलाय, तरी बोलणं काही थांबलं नाही. आज एकदम म्हणाली, "तुम्हाला पहिल्यांदा पाहून ती घरी आली, तेव्हा मला काय म्हणाली माहीत आहे?"

मी म्हटलं, सांगा.

ती हसायला लागली, हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी. "नाही बाई, आज नाही जमायचं. उद्या सांगते. पण तोंडात चुका धरून या, म्हणजे मधे बोलणार नाही!"

घरी येईपर्यंत हसत होतो. काय म्हणाली असेल?

२९ मार्च

आक्का गेली. सकाळी, खुर्चीत बसल्या बसल्या. सकाळी तिच्याकडे डोकावणाऱ्या भाचीचा फोन आला.

आम्ही सगळे मुकादमाकडे बघत होतो. तो ठणठणीत आहे.

ही काय म्हणाली होती, ते आता कुणालाच माहीत नाही.