सायलीच्या कारखान्यात माझा आवाज

१७ फेब्रुवारी १९९७

पुण्याहून आलेला मुलगा आज माझ्याच टेबलावर कॉम्प्युटर मांडून बसला. माझ्याच! आधी विचारलं नाही. वायरी जोडून झाल्यावर वर बघून म्हणतो, ‘सर, चालेल ना?’ आता काय नाही म्हणायचं.

नाव हृषीकेश. वर्क्स मॅनेजर चंद्रकांतसाहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं — यापुढे नव्या कामगारांचं ट्रेनिंग कॉम्प्युटरवर. परदेशी गिऱ्हाइकांना पुरावा हवाय म्हणे. कुणाला काय शिकवलं, कधी शिकवलं, परीक्षेत पास झाला की नाही. ‘भास्करराव, तुमचा ताप कमी झाला,’ असं हसून म्हणाले.

ताप! वापीजवळच्या या सायली गावात कारखाना उघडला तेव्हापासून मी हेच करतोय. साक्री, नवापूर, शहाद्याकडून पोरं येतात. कालपर्यंत औत धरलेलं असतं. त्यांना धाग्याच्या मशीनसमोर उभं करायचं आणि सांगायचं — हात इथे घालायचा, इथे नाही घालायचा. मशीनचा गोंगाट एवढा की ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही. मालती म्हणते, तुम्ही घरीसुद्धा शिफ्टवर असल्यासारखे बोलता.

घसा अजून बसलेलाच. दिवाळीपासून.

२४ फेब्रुवारी

मुलगा वाईट नाही. चहावर फुंकर घालून पितो, लहान मुलासारखा.

६ मार्च

आज त्याची सिस्टीम पाहिली. पडद्यावर आमच्याच मशीनचं चित्र. कामगाराने आपला नंबर दाबायचा की धडा सुरू. धड्याच्या शेवटी तीन चित्रं — बरोबर कुठलं ते सांगायचं. चुकलं तर धडा पुन्हा. पहिला धडा पास झाल्याशिवाय दुसरा उघडतच नाही. सहा महिन्यांनी आपोआप आठवण, अमक्याची उजळणी राहिली म्हणून.

मनात म्हटलं, हे बरं आहे. मी कोण डुलकी घेत होता ते कुठे लक्षात ठेवत होतो?

पण खाली सगळं लिहिलेलं! मी विचारलं, ‘आमची निम्मी पोरं वाचत नाहीत, त्यांचं काय?’ तो जरा ओशाळला. ‘आवाज घालता येईल सर. मुंबईहून कुणीतरी निवेदक आणावा लागेल.’

मुंबईचा निवेदक आमच्या पोरांना काय सांगणार, कपाळ!

१५ मार्च

वापीच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मुंबईला दाखवा म्हणाले. नुसतं ‘दाखवा’. मी विचारलं, काय आहे? ते हात धूत राहिले.

२६ मार्च — मुंबईहून आल्यावर, रात्री

कॅन्सर. स्वरयंत्राचा. सगळं काढावं लागेल. गळ्याला भोक पाडतात, त्यातून श्वास घ्यायचा.

डॉक्टर भला माणूस. म्हणाला, ‘जीव वाचेल.’ मी विचारलं, ‘आणि बोलणं?’ त्याने मान हलवली. बाजूला मालती बसली होती. तिने माझी पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली, पुन्हा उचलली.

परतीच्या गाडीत दोघंही बोललो नाही. बोलायला हवं होतं. अजून येतंय तर.

२७ मार्च

मालती पोळ्या करताना रडली. मी पाणी प्यायला आत गेलो, तर पीठ उडालं डोळ्यांत म्हणाली.

१ एप्रिल

हृषीकेशला सांगितलं. सगळ्यांआधी त्याला, कारण त्याच्याकडे काम होतं. म्हटलं, निवेदक आणू नका. माझा आवाज भरून घ्या. ऑपरेशन एप्रिलच्या शेवटी आहे, तोवर जेवढा निघेल तेवढा.

त्याने वही उघडून दिवस मोजले. मग म्हणाला, ‘सर, उद्यापासून?’

चंद्रकांतसाहेब नाखूश. ‘भास्करराव, तुमचा आवाज फाटलेला आहे हो. गिऱ्हाइकं येतील, बघतील…’ हृषीकेश चक्क त्यांच्याशी वाद घालायला लागला! ‘गिऱ्हाईक नाही, कामगार ऐकणार आहेत साहेब.’ ‘बघा मग तुमचं तुम्ही,’ म्हणून साहेब निघून गेले.

५ एप्रिल

गेस्ट हाउसच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंग. पंखा बंद, खिडक्या बंद, दारावर गोधडी. उकाड्याने जीव जातो. दोघं बनियनवर! एक वाक्य बोलायचं, थांबायचं, गरम पाणी प्यायचं. समोर काळा माईक, इटुकला. जन्मभर ओरडलो — आता हा पोरगा म्हणतो, ‘सर, हळू. अगदी कानात सांगितल्यासारखं.’

मराठीत सांगतो, मग हिंदीत, मग माझ्या मोडक्या गुजरातीत. मराठीत मध्येच आमच्या खानदेशाकडचं येतं. हृषीकेश म्हणाला, ते काढायचं नाही.

११ एप्रिल

आज पाचवा धडा — रोलरवर धागा गुंडाळला गेला तर काय करायचं. सगळ्यात जास्त हात तिथेच जातात. धागा रेशमासारखा दिसतो, पण गुंडाळला की तार होतो. मशीन थांबवा. पूर्ण थांबू द्या. मगच हात.

सतरा वेळा म्हणालो असेन. कधी खोकला, कधी आवाजच फुटेना. शेवटी जे निघालं ते ऐकवलं त्याने. माझा आवाज मला ओळखू येईना. कुणीतरी म्हातारा कळवळून सांगतोय असं वाटलं.

१६ एप्रिल

सिस्टीमची चाचणी घ्यायला वाइंडिंग खात्यातली, धागा गुंडाळतात तिथली, नवी पोरगी आणली — गुड्डी. नवापूरकडची, इथे जवळच राखोलीला भावाजवळ राहते. स्टुलावर बसली ती मांडी घालून, जशी चुलीसमोर बसावी. माऊसला हात लावायला तयार नाही. मग हृषीकेशने आकडे दाबायला दिले.

स्पीकरमधून माझा आवाज आला तशी दचकून माझ्याकडे बघायला लागली. माझं तोंड बंद! इतकी हसली, इतकी हसली. आम्हीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

पाचव्या धड्यानंतर तिने विचारलं, ‘काका, पण सुपरवायझर मशीन बंद करू देत नाही. बंद केलं तर ओरडतो. मग?’

खरंच होतं. मशीन थांबलं की माल कमी निघतो, आणि जाब सुपरवायझरला.

१७ एप्रिल

सुपरवायझरांसाठी वेगळा धडा केला. सहावा. ‘कामगाराने मशीन थांबवलं तर त्याला रागावू नका. तो तुमचंच काम करतोय.’ घसा सोलून निघाला, पण केला. हा धडा पास झाल्याशिवाय सुपरवायझरलाही शिफ्ट द्यायची नाही, अशी सोय हृषीकेशने सिस्टीममध्ये घातली. पोरगं हुशार.

१९ एप्रिल

चंद्रकांतसाहेबांनी सहावा धडा बंद करायला लावला. ‘सुपरवायझरांना एवढा वेळ नाही. पुढच्या वर्षी बघू.’ हृषीकेश तावातावाने बोलून आला, तरी बंदच. मी जायला उठलो तर खोकल्याची उबळ आली. साहेबांनी स्वतः पाणी दिलं. ‘तब्येतीकडे बघा आता.’ पाण्याचा ग्लास हातात घेऊन भांडता येत नाही.

२७ एप्रिल

उद्या ऑपरेशन. मालती म्हणाली, काहीतरी बोला ना. काय बोलू? म्हटलं, ‘गॅस बंद केलास का निघताना?’ हसली बिचारी. मग मीच म्हणालो, ‘मालती.’ नुसतं नाव. ‘काय?’ ‘काही नाही.’ परत म्हणालो, ‘मालती.’

१९ मे

झालं. घरी आलो.

६ जून

गळ्यावर पातळ फडकं बांधतो. अंघोळ करताना भोकातून पाणी जाऊ नये म्हणून मालती शेजारी उभी राहते. शिंक आली तरी तिथून. शिट्टी वाजत नाही. कुकर वाजला तर तिला हाक मारता येत नाही, उठून जावं लागतं. तिच्या खांद्याला हात लावला की दचकते.

पाटी आणली आहे. खडूने लिहितो. भाजीवाल्या सरूबाईने आज मोठ्ठ्याने ओरडून विचारलं, ‘काय घेता दादा?’ मी बहिरा नाही हो!

७ जुलै

कामावर रुजू. ट्रेनिंगच्या खोलीत बसायचं, कामगाराचा नंबर लावायचा, धडा चालू करून द्यायचा. माझा आवाज बोलतो आणि मी शेजारी मुका बसतो. नवी पोरं विचारतात, ‘हे काका कोण?’ जुनी सांगतात. मग नवी एकदम चूप होतात. ते नको वाटतं.

हृषीकेश पुण्याला परत गेलाय. अधूनमधून येतो सिस्टीम बघायला.

२ ऑगस्ट

इथल्या मुक्तिदिनाची सुट्टी, पोर्तुगीज गेले तो दिवस. मैदानावर झेंडावंदन. सगळे राष्ट्रगीत म्हणत होते. ओठ हलवत उभा राहिलो. शेजारच्या माणसाला कळलं नाही.

११ सप्टेंबर

लिहवत नाही. तरी लिहितो.

जेवणाच्या सुट्टीआधी वाइंडिंग खात्यातून चाललो होतो. गुड्डी मशीनवर. रोलरवर धागा गुंडाळला गेलेला, मशीन चालू. मागे सुपरवायझर उभा, घड्याळ दाखवत हाताने ‘चल, चल’ करतोय. तिने मशीनच्या बटणाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि हात पुढे केला.

मी ओरडलो.

तोंड उघडलं, सगळा जोर लावला — गळ्यातून नुसती फुस्स अशी हवा! टाळ्या वाजवल्या. त्या गोंगाटात टाळ्या कुणाला ऐकू येणार? पळालो. लाल बटणावर हात मारला. मशीन थांबलं. पण हात आत गेला होता.

ती ओरडली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, ‘काका, मना हात शे का?’ आहे का माझा हात, असं विचारत होती. मी मान हलवत राहिलो — आहे, आहे.

दोन बोटं गेली.

१२ सप्टेंबर

मालतीने विचारलं, जेवता का? पाटीवर काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं एकच होतं — आवाज असता तर. ते तिला कशाला दाखवू.

१८ सप्टेंबर

दवाखान्यात गुड्डीला भेटलो. पट्टी कोपरापर्यंत. भाऊ वाल्मिक पायथ्याशी बसलेला. म्हणाला, कंपनीचे लोक येऊन गेले. ‘चूक हिची आहे म्हणतात. कॉम्प्युटरमध्ये निघालं म्हणे — पाचवा धडा ऐकला, पास झाली. माहीत असून हात घातला.’

मी पाटी हातात धरून उभा. गुड्डी म्हणाली, ‘काकांना बसू दे आधी.’

३ ऑक्टोबर

फॅक्टरी इन्स्पेक्टर चौकशीला आले. ऑफिसात टेबलावर कॉम्प्युटर, पलीकडे चंद्रकांतसाहेब, सुपरवायझर. भिंतीशी गुड्डी आणि वाल्मिक. हृषीकेशलाही पुण्याहून बोलावलेलं, नोंदी दाखवायला.

साहेबांनी धडा लावायला सांगितलं. हृषीकेशने लावला. खोलीत माझा आवाज — मशीन थांबवा. पूर्ण थांबू द्या. मगच हात. किती मायेने सांगत होता तो माणूस! साहेब म्हणाले, ‘याहून स्पष्ट काय सांगायचं, सर? आमच्या बाजूने काही कमी नाही.’ गुड्डी खाली मान घालून, एका हाताने दुसरा हात झाकून.

ज्या आवाजाने तिला वाचवायचं होतं तो तिच्यावर बोट दाखवत होता. माझा आवाज.

उठलो. पाटीवर लिहिलं — हा आवाज माझा. मशीन चालू ठेवायला सुपरवायझरने लावलं, मी पाहिलं. इन्स्पेक्टरांनी वाचलं. मी पुसून पुन्हा लिहिलं — सहावा धडा लावा.

साहेब म्हणाले, ‘असा काही धडा नाही.’

हृषीकेश पांढराफटक पडला होता. त्याच्या कंपनीची सगळी कामं चंद्रकांतसाहेबांच्या शब्दावर. क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, ‘आहे सर. बंद करायला लावला होता.’ आणि लावला.

सुपरवायझरने माझ्याकडे बघितलं नाही. त्याचा तरी सगळा दोष कुठे? त्याच्याही डोक्यावर कुणी उभंच होतं.

९ ऑक्टोबर

मला घरी बसायला सांगितलं. तब्येतीचं कारण दिलं. हार घातला, नारळ दिला. हृषीकेशच्या कंपनीचंही पुढचं काम गेलं.

२१ नोव्हेंबर

इन्स्पेक्टरांनी दोष कंपनीवर ठेवला. वाल्मिक सांगायला आला. गुड्डीला पॅकिंगमध्ये बसून करायचं काम मिळेल. जाताना पाया पडला, मी त्याला उठवलं. आनंद झाला असं लिहायला हवं. पण ती डाव्या हाताने जेवते, तेही त्यानेच सांगितलं.

३० नोव्हेंबर

हृषीकेशचा फोन आला. मालतीने घेतला. कंपनीने सिस्टीममधला माझा आवाज काढून टाकायला सांगितलाय, मुंबईचा निवेदक येणार. ‘काकू, त्याआधी घरासाठी कॅसेटवर भरून पाठवू का?’ असं विचारत होता.

ती नको म्हणाली. मला न विचारता! मी ताट सरकवून उठलो, ओट्यावर जाऊन बसलो. कुठेच उरलो नाही आता, असं वाटलं. ती मागोमाग आली. शेजारी बसली.

‘तो आवाज घरात आणला असता तर मी रोज तेच ऐकत बसले असते हो,’ म्हणाली. ‘तुमच्याकडे बघितलंच नसतं.’